अर्धा गुण

(दहावी १९८६ च्या तुकडीच्या परतूर येथील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)

व्यासपीठावरचे आपले सर आणि बाई, समोर बसलेल्या माझ्या वर्गमित्रांनो, मैत्रिणींनो, आणि केवळ जेवणाच्या आशेने सोबत आलेल्या तुमच्या घरच्या मंडळींनो,

संयोजकांनी फोनवर मला विषय दिला होता, ‘बुद्धिबळातून यशाचा मंत्र’. मी त्यांना तेव्हाच म्हटले, मंत्र माझ्याकडे नाही. जालन्यात शनिवार-रविवारी मुलांना बुद्धिबळ शिकवते, त्याला आता अठरा वर्षे झाली. जिंकण्याबद्दल जे कळले ते पाच मिनिटांत सांगून संपेल. हरण्याबद्दल मात्र बरेच सांगता येईल. एखादा डाव हरणे वेगळे, तो विश्वविजेताही हरतो. मला बोलायचे आहे ते ओळीने हरण्याबद्दल. तिसरा डाव जातो, चौथा जातो, सातवा जातो, आणि माणसाला वाटायला लागते की आपल्याला हा खेळ येत होता हाच मुळी भ्रम होता. त्या दिवसांत नेमके करायचे काय, एवढाच माझा विषय.

विषय मुद्दाम निवडला आहे. समोर पाहते तर सगळ्यांनी पंचावन्नी गाठलीय. असा काळ पाहिला नाही असा इथे कोणी नसेल. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, त्यातल्या काही इथे बसलेल्यांच्याच होत्या. कोणाचे दुकान ओळीने तीन वर्षे तोट्यात गेले, कोणाचे पोर ओळीने परीक्षा देत राहिले, कोणी ओळीने निवडणुका लढवल्या. (मागच्या बाकावर दोघे हसले, म्हणजे नेमके लागले.) पण बाहेरच्या जगातल्या हारीची एक अडचण असते. ती कुठे लिहून ठेवलेली नसते, त्यामुळे जो तो आपल्या सोयीने आठवतो. बुद्धिबळात ती सोय आहे. स्पर्धेच्या डावात दोन्ही खेळाडूंना प्रत्येक खेळी कागदावर लिहावीच लागते. हरलेला डाव घडी घालून घरी आणता येतो, पुन्हा पटावर मांडता येतो आणि नेमके कुठे फिसकटले त्यावर बोट ठेवता येते.

आता सर समोर बसलेत म्हणून आकडेमोड जपून करते. एक नाणे शंभर वेळा उडवा. त्या शंभरांत कुठेतरी ओळीने पाच वेळा काटा पडण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या घरात असते. ओळीने सहा वेळा पडण्याचीसुद्धा निम्म्याहून जास्त. नाण्याला काही मन नसते. त्याचा आत्मविश्वास ढळलेला नसतो, त्याला कोणाची दृष्ट लागलेली नसते. बुद्धिबळात बरोबरीही होते, म्हणून शक्यता थोडी उतरते. पण जो मुलगा वर्षभरात बरोबरीच्या खेळाडूंशी शंभर डाव खेळतो आणि त्यातले चाळीस जिंकतो, चाळीस हरतो, त्याच्या वर्षात कुठेतरी पाच हारींची ओळ येण्याची शक्यता निम्म्याच्या जवळ राहते. काहीही बिघडलेले नसताना! म्हणून माझ्या वर्गात पालक सांगत आले की ‘मॅडम, हा ओळीने चार डाव हरला’, तर मी त्यांना चहा देते. चार-पाच हारींवर काहीही करायचे नसते. त्यावर उपाय सुरू केले की खरे बिघडायला लागते.

नऊ हारी मात्र वेगळ्या.

घनसावंगी तालुक्यातली एक तेरा वर्षांची मुलगी माझ्याकडे येते. नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. वडिलांची मोसंबीची बाग आहे, रविवारी मोटारसायकलवर तिला घेऊन येतात. मागच्या वर्षी एका स्पर्धेतले शेवटचे तीन आणि पुढच्या स्पर्धेतले पहिले सहा, असे ओळीने नऊ डाव ती हरली. ज्यांना स्पर्धांची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते, या स्पर्धा स्विस पद्धतीने होतात. प्रत्येक फेरीत साधारण तुमच्याइतकेच गुण झालेला प्रतिस्पर्धी समोर येतो. म्हणजे हरत गेले की समोरचा सोपा होत जातो. हे ऐकायला बरे वाटते, पण त्या पोरीला विचारा. सहाव्या फेरीत तिच्यासमोर आठ वर्षांचा मुलगा बसला होता. त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते. त्याच्याशीही हरली. शिवाय रेटिंगचा जाच. अशा मुलांना बरोबरीच्या खेळाडूकडून एक डाव हरला की २० गुण जातात. २०२४ च्या मार्चपासून जागतिक संघटनेने रेटिंगची खालची मर्यादा १४०० केली आहे, त्याखाली गेले की यादीतून रेटिंगच जाते. ही मुलगी १५६१ वरून १४३७ वर आली होती. अजून एक तशीच स्पर्धा, की दोन वर्षांची कमाई पुसली.

वडिलांचा फोन आला. ‘मॅडम, बंद करू का?’ चिडलेले नव्हते. एका स्पर्धेला प्रवेश फी, प्रवास, राहणे-खाणे धरून पाच-सहा हजार जातात आणि त्या वर्षी आंबिया बहार हाती लागला नव्हता. प्रश्न रास्त होता. मी म्हटले, रविवारी नऊही कागद घेऊन या, बघून सांगते.

मध्ये एक गोष्ट सांगायची राहिली. ती हरल्यानंतर रोज रात्री मोबाइलवर तीन-तीन मिनिटांचे डाव खेळत होती, एक-एक वाजेपर्यंत. एक हरला की तो भरून काढायला दुसरा. हे माझ्याकडच्या निम्म्या मुलांचे आहे. यासाठी मी त्यांना धर्मराजाचीच गोष्ट सांगते. सगळे गमावून बसला तेव्हा धृतराष्ट्राने द्रौपदीमुळे का होईना सगळे परत दिले होते, आणि तरी पुन्हा बोलावणे आले तसा हा परत येऊन बसला. बुद्धिबळ म्हणजे जुगार नव्हे, पण हरलेल्याचा हात दोन्हीकडे सारखाच शिवशिवतो. म्हणून पहिला नियम, स्पर्धेच्या दिवसांत रात्री फोन वडिलांच्या उशाशी. यावर चर्चा नाही.

रविवारी आम्ही सतरंजीवर नऊ कागद ओळीने मांडले. हल्ली मुले आधी संगणकाकडून डाव तपासून घेतात. तो लाल खुणा करून ठेवतो, इथे चुकलात, इथे घोडचूक. तिनेही ते पाहून रडून घेतले होते. मला त्या खुणांचा उपयोग नसतो असे नाही, पण त्या शेवटी. डॉक्टरांना दाखवायच्या आधीच रिपोर्ट वाचून रात्रभर जागणारा रोगी असतो ना, तसे होते ते. मी तिला म्हटले, खुणा विसर. प्रत्येक डावात विसाव्या खेळीला तुझी स्थिती कशी होती, तुला काय वाटत होते, तेवढे सांग.

नवांपैकी सात डावांत विसाव्या खेळीला तिची बाजू बरोबरीची होती. त्यातल्या दोनांत तर सरस होती. म्हणजे खेळ विसरलेली नव्हती. मग कागदाच्या कडेचे आकडे पाहिले. मी सगळ्या मुलांना सवय लावलीय, दर पाच खेळ्यांनी घड्याळात उरलेला वेळ कडेला लिहायचा. नियमात बसते ते. नव्वद मिनिटांचा डाव, प्रत्येक खेळीला तीस सेकंद जादा. पहिल्या दोन डावांत पंधराव्या खेळीला तिच्याकडे तासाच्या वर वेळ होता. तिसऱ्या हारीनंतरच्या डावात पंचेचाळीस मिनिटे. पुढच्यात अडतीस. सहाव्यात सव्वीस. आठव्या डावात पंचविसाव्या खेळीला चार मिनिटे उरली होती. आणि ते सातही डाव अठ्ठावीस ते चाळीस या खेळ्यांत गेले, म्हणजे घड्याळ संपत आलेले असताना.

कागद मांडल्यावर कथा आपोआप बाहेर आली. पहिल्या दोन-तीन हारी सगळ्यांना येतात तशा आल्या. त्यानंतर पोरगी घाबरली. घाबरली म्हणून ओळखीच्या सुरुवातीच्या खेळ्याही तीन-तीनदा तपासायला लागली. तपासण्यात वेळ गेला, वेळ गेला म्हणून शेवट घाईत खेळला, घाईत हरली, हरली म्हणून आणखी घाबरली. माझ्या अनुभवात लांबलेली हारीची ओळ बहुतेक वेळा अशीच असते. पहिल्या हारींचे कारण एक असते आणि पुढच्या हारींचे कारण आधीच्या हारी असतात. बाहेरून मात्र सगळे सारखेच दिसते, शून्य, शून्य, शून्य, आणि लोक सगळ्याला मिळून एकच औषध शोधतात. कोणी म्हणते सुरुवात बदला, कोणी म्हणते प्रशिक्षक बदला. एका नातेवाइकाने तिला सांगितले होते, ‘पॉझिटिव्ह विचार कर.’ आठव्या डावात चार मिनिटे उरलेल्या माणसाने पॉझिटिव्ह विचार कधी करायचा हे त्यांना विचारायला हवे होते.

आम्ही सुरुवात बदलली नाही, काहीच बदलले नाही. एक नियम केला, पहिल्या बारा खेळ्या वीस मिनिटांच्या आत. आणि सहा आठवडे एकही स्पर्धा नाही. वडिलांना वाटले, सराव बुडेल. त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितले की मोसंबीला बहार धरायच्या आधी तुम्ही ताण देता की नाही? पाणी तोडता, पाने सुकल्यासारखी दिसतात, नवखा माणूस म्हणेल बाग गेली. ते हसले. गंमत बघा, शहरात ‘ताण’ म्हणजे डोक्यावरचे ओझे आणि शेतात ताण म्हणजे झाडाला दिलेली विश्रांती.

आता मूळ मुद्द्यावर येते. त्यासाठी तुम्हाला आपल्या नववीच्या वर्गात न्यावे लागेल.

१९८४ चा सप्टेंबर. मॉस्कोत अनातोली कार्पोव्ह आणि गॅरी कास्पारोव्ह यांची विश्वविजेतेपदाची लढत सुरू झाली. कार्पोव्ह तेहतीस वर्षांचा, विश्वविजेता. कास्पारोव्ह एकवीसचा. नियम असा की जो आधी सहा डाव जिंकेल तो विजेता, बरोबरीचे डाव मोजायचे नाहीत. आपल्याला तेव्हा यातले काही कळत नव्हते. माझ्या घरी आजोबा देशी पद्धतीने खेळत, प्यादे सुरुवातीलाही एकच घर पुढे जायचे आणि राजाला एकदा घोड्याची चाल मिळायची. पण सर फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात रोज आकडा लिहायचे, आठवते का? वर्तमानपत्रात आतल्या पानावर एक ओळ यायची, ती पाहून. नऊ डावांनंतर तिथे लिहिलेले होते, ४-०. आपल्यातल्या अर्ध्या मुलांनी कास्पारोव्हला तेव्हाच घरी पाठवले होते.

आणि मग त्या कोपऱ्यात काहीच बदलेना. दहावा डाव बरोबरी. अकरावा बरोबरी. बारावा. दिवाळी झाली, ३१ ऑक्टोबरला इंदिराजींची हत्या झाली, शाळा बंद राहिली, पुन्हा उघडली, आणि फळ्यावर ४-० च. ओळीने सतरा डाव बरोबरीत सुटले. वर्गात थट्टा चालायची, सर खडू वाचवतात म्हणून.

मला ते समजायला बरीच वर्षे लागली. डाव मिळवून पटावर मांडले तेव्हा दिसले. पहिल्या नऊ डावांत कास्पारोव्ह त्याच्या स्वभावाप्रमाणे अंगावर जात होता आणि कार्पोव्ह त्याला शांतपणे गिळत होता. चार हारींनंतर त्या एकवीस वर्षांच्या मुलासमोर दोन वाटा होत्या. एक, चार भरून काढायला चार जिंकायला निघायचे, म्हणजे मोबाइलवरची रात्र. दुसरी, आधी हरणे थांबवायचे. त्याने दुसरी धरली. फार महत्त्वाकांक्षा न धरता, भक्कम खेळत, अर्धा-अर्धा गुण घेत राहिला. त्या अर्ध्या गुणाने लढतीच्या आकड्यात काही भर पडत नव्हती, कारण बरोबरी मोजायचीच नव्हती. पण दर बरोबरीबरोबर जगातल्या सर्वांत पक्क्या खेळाडूसमोर पाच तास बसून न हरता उठण्याची सवय होत होती. सत्ताविसावा डाव कार्पोव्हने जिंकला. ५-०, आता एकच हवा होता. तो एक त्याला मिळालाच नाही. बत्तिसावा डाव कास्पारोव्हने जिंकला, त्याचा पहिला. मग पुन्हा चौदा बरोबऱ्या. मग सत्तेचाळिसावा आणि अठ्ठेचाळिसावा, दोन्ही कास्पारोव्हने जिंकले. ५-३ असताना, १५ फेब्रुवारी १९८५ ला, जागतिक संघटनेच्या अध्यक्षांनी खेळाडू थकले म्हणून लढत निकालाविना थांबवली. पाच महिने, ४८ डाव, त्यातले ४० बरोबरीत. त्याच वर्षी सप्टेंबरपासून नव्याने चोवीस डावांची लढत झाली आणि नोव्हेंबरमध्ये कास्पारोव्ह १३-११ ने विश्वविजेता झाला. तोवर आपण दहावीत होतो आणि फळ्याचा तो कोपरा भूमितीला गेला होता.

लोक त्या लढतीतले शेवटचे दोन विजय सांगतात. मी मुलांना मधले सतरा डाव दाखवते. त्यातले काही अगदी कंटाळवाणे आहेत, वीस-पंचवीस खेळ्यांत हात मिळवलेले. मुले विचारतात, मॅडम, यात काय बघायचे? मी म्हणते, यात हरलेला नाही, ते बघायचे.

म्हणून सहा आठवडे मी त्या मुलीला एकही हल्ला शिकवला नाही. बरोबरी शिकवली. हत्ती विरुद्ध हत्ती आणि एक प्यादे, समोरच्याकडे प्यादे जास्त, आपण बचाव करायचा. ही स्थिती प्रत्यक्ष डावांत फार येते. अठराव्या शतकातल्या फिलिडोर नावाच्या फ्रेंच खेळाडूने तिचा बचाव दाखवून ठेवला आहे. आपला राजा प्याद्याच्या वाटेत बसवायचा. आपला हत्ती आपल्या बाजूने मोजून तिसऱ्या ओळीवर आडवा धरून ठेवायचा, म्हणजे समोरचा राजा पुढे घुसू शकत नाही. प्यादे त्या तिसऱ्या ओळीवर आले की लगेच हत्ती पटाच्या पार दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचे. आता त्या राजाला प्याद्याआड लपायला जागा उरत नाही. एवढेच. पण वेळेआधी हत्ती हलवला किंवा उशीर केला तर डाव जाऊ शकतो. आम्ही ते रोज पंधरा मिनिटे केले, मी प्याद्याच्या बाजूने, ती बचावाच्या. पुढे तिच्या वडिलांनाही यायला लागले.

सहा आठवड्यांनी स्पर्धा. पहिली फेरी, समोर तिच्यापेक्षा दीडशे गुणांनी वरचढ मुलगा. पस्तिसाव्या खेळीला तिचे एक प्यादे गेले. मी दूरवर उभी होते, आत जायची परवानगी नसते. बाकी सगळे टेबल उठले तरी ही दोघे बसलेली. एकाहत्तराव्या खेळीला त्यांनी हात मिळवले. बाहेर येऊन तिने माझा फोन मागितला आणि घरी लावला. ‘पप्पा, हरले नाही.’ एवढेच बोलली. जिंकले असे नाही, बरोबरी झाली असेही नाही. पटावर फिलिडोरच आला होता आणि कागदाच्या कडेला शेवटच्या ओळीसमोर लिहिलेले होते, २२ मिनिटे.

त्या स्पर्धेत आठ फेऱ्यांत तिचे तीन गुण झाले, एक विजय आणि चार बरोबऱ्या. रेटिंग तीन-चार गुणांनी हलले. वर गेले की खाली, ते तिलाही आठवत नाही. टाळ्या वाजवू नका, अजून कशाचा निकाल लागलेला नाही.

मोठ्यांच्या गोष्टीही सांगण्यासारख्या आहेत, पण त्या नीट शेवटापर्यंत सांगाव्यात. आपल्या नाशिकचा विदित गुजराथी. २०२३ च्या शेवटी आइल ऑफ मॅनला ग्रँड स्विस स्पर्धा झाली, अकरा फेऱ्यांची. पहिल्याच फेरीत तो नेदरलँड्सच्या एर्विन लामीकडून हरला. पुढच्या दहा डावांत साडेआठ गुण करून त्याने ती स्पर्धाच जिंकली आणि विश्वविजेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेत गेला. इथे गोष्ट थांबवली की छान भाषण होते. पण पुढे २०२४ च्या एप्रिलमध्ये टोरांटोत त्याने दुसऱ्या फेरीत नाकामुराला हरवले आणि लगेचचे दोन डाव तो हरला. आठ जणांत सहावा आला. त्याच स्पर्धेत त्याने नाकामुराला दुसऱ्यांदाही हरवले, हेही खरे. आनंदचे तसेच. २०१३ च्या नोव्हेंबरात चेन्नईत, स्वतःच्या गावात, कार्लसनकडून दहा डावांत तीन हरून विश्वविजेतेपद गेले. पाचवा आणि सहावा तर पाठोपाठ. चव्वेचाळिशी जवळ आलेली, सगळ्यांनी निवृत्तीचे लेख लिहून ठेवलेले. चार महिन्यांनी सैबेरियात कँडिडेट्स स्पर्धेत तो चौदा डावांत एकही न हरता पहिला आला. आणि त्याच वर्षी कार्लसनकडून पुन्हा हरला. आनंद मला आवडतो तो या तिन्ही गोष्टींसकट.

एका गोष्टीत मात्र बुद्धिबळाचे कागद कामाला येत नाहीत. चीनचा डिंग लिरेन २०२३ मध्ये विश्वविजेता झाला आणि त्यानंतर त्याचा खेळ कोसळला. २०२४ ला नॉर्वेत ओळीने चार डाव हरून शेवटचा आला. जानेवारीपासून नोव्हेंबरपर्यंत त्याला मोठ्या वेळेचा एकही डाव जिंकता आला नव्हता. आपण नैराश्याने आजारी होतो हे त्याने लपवले नाही. मग सिंगापूरला गुकेशविरुद्धचा पहिलाच डाव त्याने जिंकला. शेवटी चौदाव्या डावात हरून विजेतेपद गमावले, ते तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. सांगायचे ते हे, की जेवण जात नाही, झोप येत नाही, आवडणाऱ्या गोष्टी नकोशा झाल्यात, असे आठवडेच्या आठवडे चालले असेल तर त्याला खेळाची पडती वेळ म्हणून मोजत बसू नका. तिथे माझ्यासारख्या मास्तरणीचे काम संपते आणि डॉक्टरांचे सुरू होते. दोन मुलांच्या पालकांना मी हे सांगितले आहे. एकांनी ऐकले. दुसऱ्यांनी मुलाचा वर्ग बदलला.

पालकांचा विषय निघालाच आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांची नातवंडे आता खेळायला लागली आहेत. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने एकोणिसाव्या वर्षी महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून माझ्याकडे मुलींची गर्दी झालीय आणि मला त्याचा फार आनंद आहे. फक्त एक विनंती. मूल हॉलमधून बाहेर आले की पहिला प्रश्न ‘काय झाले?’ असा नको. चेहऱ्यावर दिसतेच. ‘भूक लागली का?’ विचारा. आणि हरलेल्या डावावर त्या रात्री बोलायचे नाही, दुसऱ्या दिवशी, तोही मुलाने स्वतः पट मांडला तर. घनसावंगीच्या त्या गृहस्थांना हे मला शिकवावे लागले नाही. नऊ हारींच्या त्या दिवसांत ते पोरीला मोटारसायकलवर मागे बसवून परत नेताना वाटेत बागेपाशी थांबायचे, झाडे बघायचे, आणि निघायचे. मी विचारले, काय बोलायचात? म्हणाले, ‘काय बोलणार मॅडम, फळगळ किती झाली ते मोजायचो दोघं.’

ती पुढच्या महिन्यात जिल्ह्याच्या निवड स्पर्धेत खेळणार आहे. त्यांनी मला विचारले, आता जिंकेल का? मी म्हटले, ते मला सांगता येत नाही. पहिल्या बारा खेळ्या वीस मिनिटांत करेल, एवढे सांगते.

माझी पंधरा मिनिटे कधीच संपली, संयोजक घड्याळ दाखवत आहेत. जेवणानंतर सातवी ‘अ’ च्या वर्गात मी चार पट मांडून ठेवले आहेत, घड्याळेही आणली आहेत. ज्यांना खेळायचे त्यांनी या. सर, पहिला डाव तुमच्याशी, आणि पांढऱ्या सोंगट्या तुमच्या.